परक्या कुलपांतील दप्तर : लिनक्सचें बिटकीपर-प्रकरण (इ. स. २००२ ते २००५)

१

जुन्या कागदांच्या मागें हिंडणाऱ्या मनुष्यास एक अनुभव वारंवार येतो. कागद आहेत, ते सुस्थितींत आहेत, मालकहि सज्जन आहे. परंतु किल्ली त्याच्या कमरेला असते, आणि आज प्रसन्न असलेला मालक उद्यां तसाच राहील याची हमी कोणी देऊं शकत नाहीं. पेशवे दप्तर पुण्यांतच होतें, पण गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० पासून पुढील चार-पांच वर्षांत बाहेर पडले, तोंवर बहुतेक स्वतंत्र संशोधकांस तें असून नसल्यासारखेंच होतें. कागद कोणाचे, या प्रश्नाइतकाच ते कोणाच्या अनुज्ञेनें उघडतात हाहि प्रश्न महत्त्वाचा आहे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

प्रस्तुत लेखांत याच प्रश्नाचें एक अगदीं अलीकडचें प्रकरण तपासावयाचें आहे. विषय संगणकाचा आहे म्हणून तो आपल्या कक्षेबाहेरचा असें कोणी समजूं नये. आज आपल्या याद्या, नकला, पोथ्यांचीं छायाचित्रें व त्यांवरील टिपणें बहुतेक संगणकांतच राहतात. संगणकास काम सांगणारी जी आज्ञावली, तिची मूळ संहिता सर्वांस वाचावयास, बदलावयास व वाटावयास मोकळी असेल तर ती मुक्त. आणि ती संहिता मालकानें आपणाजवळ राखून केवळ वापरण्याची परवानगी दिली असेल तर ती खाजगी. मुक्त आज्ञावली तत्त्वतः श्रेयस्कर खरी. पण ती कामास पुरी पडत नसेल तर काय करावें? खाजगी हत्यार हातीं घ्यावें, कीं अपुऱ्या हत्यारानिशीं अडून बसावें? या प्रश्नाचा निवाडा तत्त्वचर्चेनें करूं पाहणारे पुष्कळ आहेत. तो इतिहासाच्या साक्षीनें करून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या प्रकरणाचीं साधनें विपुल व पहिल्या प्रतीचीं आहेत. लिनक्सचें काम करणारी मंडळी जगभर विखुरलेली असल्यामुळें त्यांचा विचारविनिमय ई-पत्रांनीं होत आला, आणि तीं पत्रें तारीखवार सार्वजनिक संग्रहांत जतन झालेलीं आहेत. बखरीवर विसंबण्याची पाळी येथें येत नाहीं. अडचण आहे ती दुसरीच. पुष्कळ पत्रें रागाच्या भरांत लिहिलेलीं आहेत, आणि लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण स्वतः पक्षकार आहे. म्हणून खालील विवेचनांत कोण काय म्हणाला यापेक्षां कोणत्या तारखेस काय घडलें, यावर अधिक भर दिला आहे.

२

लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे संगणकाचे सर्व व्यवहार सांभाळणाऱ्या गाभ्याचा, आरंभ केला. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाचा जो सार्वजनिक परवाना, त्याखालीं १९९२ पासून ही संहिता मुक्त झाली. पुढील दहा वर्षांत ती इतकी वाढली कीं शेंकडों लोक तींत भर घालूं लागले.

या दहा वर्षांतील कामाची रीत मात्र जुन्या कारकुनी थाटाची होती. ज्यास कांहीं सुधारणा सुचे, तो बदललेल्या तेवढ्याच ओळींचें टिपण करून पाठवी. यास पॅच म्हणतात. टॉर्व्हाल्ड्स तीं टिपणें एकेक वाचून पसंत पडतील तीं आपल्या प्रतींत उतरवीत, व कांहीं दिवसांनीं ती संपूर्ण प्रत नवा क्रमांक देऊन प्रसिद्ध करीत. दोन क्रमांकांमध्यें कोणती ओळ कोणी, केव्हां व कां बदलली, याची एकत्र नोंद कोठेंच नसे. ती शोधावयाची तर पत्रांचे ढीग उपसावे लागत. बखरीच्या दोन नकला हातीं आहेत, त्यांत पाठभेद आहेत, पण नकलकारांची नांवें व शक लिहिलेले नाहींत, अशी ही स्थिति होती.

एकट्या मनुष्यावर हा सर्व भार पडल्याचा परिणाम १९९८ च्या सप्टेंबरांत दिसून आला. टिपणें पाठवावीं, उत्तर येऊं नये, पुनः पाठवावीं, तीं गहाळ व्हावींत, अशा तक्रारी वाढल्या. टॉर्व्हाल्ड्स चिडले व कांहीं दिवस कामापासून दूर राहिले. त्याच महिन्याच्या ३० तारखेस लॅरी मॅक्व्हॉय या अनुभवी संगणकतज्ज्ञानें एक पत्र लिहून या वाढत्या पसाऱ्यास आवरणारें नवें साधन बांधण्याची योजना मांडली. मॅक्व्हॉय यांनीं पूर्वीं सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत अशाच प्रकारचें काम केलेलें होतें. पुढें त्यांच्या बिटमूव्हर नामक कंपनीनें जें साधन तयार केलें तें बिटकीपर होय.

येथें एक आक्षेप येतो. बदलांची नोंद ठेवणारीं मुक्त साधनें त्या वेळीं नव्हतीं काय? होतीं. त्यांतील सर्वांत रूढ सी.व्ही.एस. हें १९८६ पासून चालत आलेलें होतें. परंतु त्याची रचना एका मध्यवर्ती भांडाराची होती. भांडारांत लिहिण्याचा अधिकार थोड्यांनाच; एखाद्या धारिकेचें नांव बदललें कीं तिचा पूर्वेतिहास तुटे; अनेक धारिकांमध्यें मिळून केलेला एकच बदल एक म्हणून नोंदला जात नसे; आणि दोन जागीं स्वतंत्रपणें वाढलेल्या शाखा पुनः जोडणें हें तर महासंकटच. त्याची जागा घेण्यासाठीं २००० सालीं सुरू झालेलें सबव्हर्जन फेब्रुवारी २००४ मध्यें पहिल्या पक्क्या आवृत्तीस पोहोंचलें, आणि त्याची मांडणीहि मध्यवर्तीच राहिली. टॉर्व्हाल्ड्स यांनीं सी.व्ही.एस. कधींच स्वीकारलें नाहीं. त्यापेक्षां हातानें टिपणें उतरविणें बरें असें त्यांचें मत होतें. तेव्हां मुक्त साधन अपुरें होतें, ही नंतर रचलेली सबब नसून त्या काळची वस्तुस्थिति होती, हें प्रथम नमूद करून ठेवणें अवश्य आहे.

३

जानेवारी २००२ मध्यें टिपणें गहाळ होण्याची तक्रार पुनः उफाळली. टॉर्व्हाल्ड्स यांच्या हाताखालीं टिपणें गोळा करणारा कोणी नेमावा, अशी सूचना २८ तारखेच्या एका पत्रांत येऊन तीवर मोठा वाद माजला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीच्या आरंभीं, टॉर्व्हाल्ड्स यांनीं बिटकीपर वापरण्यास सुरवात केली.

बिटकीपरमध्यें प्रत्येक काम करणाऱ्याजवळ संपूर्ण भांडाराची, सर्व पूर्वेतिहासासह, स्वतंत्र प्रत राही. दोघांच्या प्रती वेगवेगळ्या वाटांनीं वाढल्या तरी त्या पुनः एकत्र आणण्याची सोय होती, आणि कोणता बदल कोणाकडून आला ही नोंद तशीच टिके. मुक्त साधनांत जें नव्हतें नेमकें तेंच यांत होतें. शिवाय मुक्त प्रकल्पांवर काम करणाऱ्यांस तें विनामूल्य मिळे.

परंतु विनामूल्य म्हणजे निर्बंध नव्हे. बिटकीपरची मूळ संहिता मालकाजवळच होती. विनामूल्य वापरणाऱ्याच्या बदलांच्या नोंदी एका सार्वजनिक ठिकाणीं जात. सर्वांत जाचक अट अशी कीं, जो हें साधन वापरील त्यानें त्याच्याशीं स्पर्धा करणारें दुसरें साधन बनविण्याच्या कामांत भाग घेऊं नये. ऑक्टोबर २००२ च्या सुमारास या अटीवरून विशेष गहजब झाला. कारण कर्नलवर काम करणारे कांहीं लोक सबव्हर्जनसारख्या मुक्त साधनावरहि काम करीत असत. उघड अर्थ असा कीं, ज्यांच्या हातून मुक्त साधनाची उणीव भरून निघावयाची, त्यांचेच हात या अटीनें बांधले गेले. किंमत पैशांत घेतली नाहीं. ती पर्याय निर्माण करण्याच्या हक्कांत घेतली.

विरोध लगेच सुरू झाला. स्टॉलमन यांनीं तत्त्वाचा प्रश्न केला. जगांतील सर्वांत नांवाजलेल्या मुक्त आज्ञावलीचें घडण्याचें कामच खाजगी आज्ञावलीवर चालावें, यापरता उलटा धडा नवशिक्यांस कोणता द्यावयाचा? ॲलन कॉक्स यांच्यासारख्या ज्येष्ठ सहकाऱ्यानें बिटकीपर वापरण्याचें नाकारलें. एप्रिल २००२ मध्यें तर, बिटकीपर कसें वापरावें हें सांगणारें टिपण कर्नलच्याच कागदपत्रांत असावें कीं नसावें यावरून मोठी खडाजंगी उडाली. टॉर्व्हाल्ड्स यांची भूमिका एका वाक्यांत सांगण्यासारखी आहे : काम उत्तम करील तें साधन मी घेईन, तितकें चांगलें मुक्त साधन कोणी आणून दिल्यास तें घेईन. ज्यांना तें वापरावयाचें नव्हतें त्यांच्याकडून पूर्वींप्रमाणें टिपणें घेण्याची वाट त्यांनीं मोकळी ठेवली. ही गोष्ट पुढें फार उपयोगी पडली.

४

निष्पक्षपातानें पाहतां बिटकीपरच्या तीन वर्षांत लिनक्सचा लाभ झाला यांत शंका नाहीं. आपल्या कामाचा वेग पुष्कळच वाढला असें टॉर्व्हाल्ड्स यांनीं जाहीरपणें सांगितलें. टिपणें गहाळ होण्याची ओरड थांबली. एक मोठा फरक असा झाला कीं, प्रत्येक बदलाच्या पाठीमागें कर्त्याचें नांव, दिनांक व कारण यांची सलग नोंद प्रथमच राहूं लागली. इतिहासाच्या दृष्टीनें लिनक्सचें नियमित दप्तर फेब्रुवारी २००२ पासून सुरू होतें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

टीकाकारांचें समाधान व्हावें म्हणून बिटमूव्हरनें २००३ सालीं बिटकीपरमधील कर्नलची एक नक्कल सी.व्ही.एस. च्या मुक्त रूपांत सतत तयार करून ठेवण्याची व्यवस्था केली. या नकलेंत शाखांचा सर्व गुंता येत नसे. इतिहास एका सरळ रेषेंत मांडलेला असे. तरी खाजगी साधन न वापरतांहि तो पाहतां येऊं लागला, हें कमी नव्हे. या नकलेच्या संबंधांतच ५ नोव्हेंबर २००३ रोजीं एक प्रसंग घडला. तो पोथ्यांतील प्रक्षेप शोधणाऱ्यांनीं मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

त्या दिवशीं असें आढळून आलें कीं, नकलेंत असा एक दोन ओळींचा बदल आहे कीं ज्याची मूळ बिटकीपर-भांडारांत नोंदच नाहीं. नकल ठेवलेल्या संगणकांत कोणीतरी चोरून शिरून त्या ओळी घुसविल्या होत्या. ओळी दिसावयास निरुपद्रवी होत्या. वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे काय, असें त्या विचारतात असें वाटे. पण तुलनेसाठीं बरोबरचें चिन्ह दोनदां लिहावें लागतें, तेथें तें एकदांच लिहिलेलें होतें. त्यामुळें प्रश्न विचारला न जातां क्रमांक शून्य केला जाई, आणि शून्य क्रमांक म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी. एका चिन्हाच्या लोपानें साध्या चाकराच्या हातीं सगळ्या वाड्याच्या किल्ल्या याव्यात असा हा प्रकार होता. कर्त्याचें नांव आजवर प्रसिद्ध झालेलें नाहीं.

प्रक्षेप सांपडला तो मालकाच्या दक्षतेमुळें, हें श्रेय मॅक्व्हॉय यांच्या पदरीं घातलेंच पाहिजे. परंतु तो सांपडण्याचें कारण केवळ मूळ भांडार बंदिस्त होतें हें नव्हे. दोन प्रती होत्या, त्या एकमेकींशीं ताडून पाहिल्या गेल्या, आणि एकींतील ओळीस दुसरींत आधार मिळाला नाहीं, म्हणून तो उघडकीस आला. पाठचिकित्सेचा हा आपल्या ओळखीचा नियम आहे. खाजगी साधनाच्या बाजूनें हा प्रसंग पुरावा म्हणून जितका दाखवितां येतो, तितकाच प्रतींच्या बाहुल्याच्या बाजूनेंहि.

५

तुटीचें निमित्त ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल हे झाले. सांबा व आरसिंक या मुक्त साधनांचे कर्ते म्हणून त्यांची ख्याति होती. टॉर्व्हाल्ड्स ज्या संस्थेच्या सेवेंत होते, त्याच संस्थेकडून त्यांनाहि त्या वेळीं काम मिळत असे. ट्रिजेल यांनीं बिटकीपर कधीं घेतलें नव्हतें. म्हणून त्याच्या अटी आपणांस लागूं नाहींत, असें त्यांचें म्हणणें. बिटकीपरच्या भांडारांतील माहिती बाहेर काढतां येईल असें एक छोटें मुक्त साधन त्यांनीं तयार करण्यास घेतलें. मॅक्व्हॉय यांच्या दृष्टीनें हा सरळ विश्वासघात होता. कांहीं काळ तडजोडीचे प्रयत्न होऊन फिसकटले, आणि एप्रिल २००५ च्या आरंभीं बिटमूव्हरनें विनामूल्य परवाना मागें घेत असल्याचें जाहीर केलें.

ट्रिजेल यांनीं असें कोणतें गूढ फोडलें होतें? त्याच महिन्यांत कॅनबेरा येथें भरलेल्या परिषदेंत त्यांनीं तें जाहीरपणें करून दाखविलें. बिटकीपरच्या भांडारास संगणकावरून साधी जोडणी केली, आणि मदत मागण्याचा नेहमींचा इंग्रजी शब्द टंकला. भांडारानें स्वतःच आपल्या आज्ञांची यादी पुढें केली. दाराला कुलूप होतें. परंतु किल्ली कोठें आहे असें विचारतांच दारच उत्तर देत होतें.

टॉर्व्हाल्ड्स यांनीं या वादांत उघडपणें मॅक्व्हॉय यांची बाजू घेतली व ट्रिजेल यांस दोष दिला. परंतु ६ एप्रिलच्या पत्रांत त्यांनीं बिटकीपर सोडीत असल्याचेंहि सर्वांस कळविलें. मुक्त साधनांपैकीं मोनोटोन हें त्यांस त्यांतल्या त्यांत बरें वाटलें. पण त्याचा वेग अगदींच मंद होता. त्यांचा हिशोब असा. सहकाऱ्यांशीं एका बैठकींत मेळ घालावयाचा तर अडीचशें टिपणें उतरवावीं लागतात. एकेकास तीस सेकंद लागले तर दोन तासांहून अधिक वेळ तेवढ्यांतच जातो. तीन सेकंदांहून अधिक लागतां कामा नये.

तेव्हां त्यांनीं स्वतःच लेखणी उचलली. ३ एप्रिल २००५ रोजीं काम सुरू झालें. ७ एप्रिल रोजीं नवें साधन आपलीच संहिता आपल्यांत नोंदवूं लागलें. त्याचें नांव गिट. १६ एप्रिल रोजीं कर्नलची संहिता गिटमध्यें दाखल झाली. महिनाअखेर सेकंदास सहांहून अधिक टिपणें उतरूं लागलीं, आणि जून महिन्यांत कर्नलची २.६.१२ ही आवृत्ति गिटच्या आधारें प्रसिद्ध झाली. २६ जुलै रोजीं टॉर्व्हाल्ड्स यांनीं गिटची देखभाल जुनिओ हमानो यांच्या हवालीं केली, व २१ डिसेंबर रोजीं त्याची १.० आवृत्ति निघाली. याच निमित्तानें मॅट मॅकॉल यांनीं मर्क्युरियल हें दुसरें मुक्त साधन १९ एप्रिल रोजीं जाहीर केलें, तें निराळेंच.

वर्षानुवर्षें जें झालें नाहीं तें चार दिवसांत कसें झालें, हा प्रश्न साहजिक आहे. याचें उत्तर टॉर्व्हाल्ड्स यांच्या बुद्धिमत्तेंत जितकें आहे तितकेंच बिटकीपरच्या तीन वर्षांत आहे. चांगल्या साधनाकडून काय अपेक्षावें हें त्यांस आतां अनुभवानें कळलें होतें, आणि त्यांनीं ही विद्या बिटकीपरपासून मिळाल्याचें पुढें मोकळेपणानें मान्य केलें. तथापि गिट ही बिटकीपरची नक्कल नव्हे. गिटमध्यें प्रत्येक वस्तूचें नांव तिच्याच मजकुरावरून गणितानें काढलें जातें. एक अक्षर बदललें तरी नांव बदलतें. २००३ सालच्या प्रक्षेपासारखा प्रकार त्यामुळें सहज उघडा पडतो.

६

आतां या प्रकरणाची जी बाजू इतरत्र फारशी चर्चिली जात नाहीं, पण आपणांस सर्वांत जवळची आहे, तिच्याकडे वळूं. जुन्या दप्तराचें काय झालें?

लिनक्सचें आजचें मुख्य भांडार उघडून अगदीं पहिल्या नोंदीपर्यंत मागें गेलें असतां ती १६ एप्रिल २००५ ची निघते. १९९१ पासूनचीं जवळजवळ चौदा वर्षें तेथें नाहींत, संहिता २.६.१२ च्या एका पूर्वावृत्तीपासून एकदम सुरू होते. पोथीचीं आरंभींचीं पानें गळलेलीं असावींत तसें दिसतें. पण येथें पानें गळलेलीं नसून जाणूनबुजून बाजूस ठेवलेलीं आहेत. त्या पहिल्या नोंदींतच टॉर्व्हाल्ड्स यांनीं आशय असा लिहिला आहे कीं, पूर्वेतिहास आपणांजवळ आहे, परंतु तो आणल्यास सुमारें ३.२ जी.बी. जागा लागेल व नव्या साधनाचे आरंभींचे दिवस विनाकारण अवघड होतील; हवा असल्यास पुढें त्याचें स्वतंत्र ऐतिहासिक भांडार करतां येईल.

तसें तें झालेंहि. बिटकीपर-काळाचा इतिहास टॉमस ग्लाइक्सनर यांनीं गिटच्या रूपांत आणून स्वतंत्र भांडारांत ठेवला. त्याहून जुना काळ प्रसिद्ध आवृत्त्या व टिपणें यांवरून इतरांनीं जुळविला. हीं तिन्ही प्रकरणें एका सूत्रांत ओवून वाचण्याची सोय गिटमध्यें आहे. परंतु जो साधा वाचक मुख्य भांडारच उघडतो, त्याच्या दृष्टीनें एखादी जुनी ओळ कोणी लिहिली या प्रश्नाचें उत्तर २००५ च्या त्या दिवसाशीं येऊन थांबतें. त्या मागील सर्व लेखकांचें काम एकाच नोंदीच्या पोटांत गडप झालेलें त्यास दिसतें.

हा इतिहास वांचला कशामुळें? तीन गोष्टींमुळें. एक, प्रत्येक आवृत्ति संपूर्ण रूपानें प्रसिद्ध होऊन तिच्या प्रती जगभर पसरल्या होत्या. दुसरी, टिपणें पत्रांतून पाठविण्याची जुनी रीत बंद पडली नव्हती आणि पत्रें सार्वजनिक होतीं. तिसरी, २००३ पासून मुक्त रूपांतील नक्कल चालूं होती, आणि मूळ भांडाराच्या पूर्ण प्रतीहि अनेकांच्या घरीं होत्या. म्हणजे मालकानें परवाना मागें घेतला त्या दिवशीं दप्तर मालकाच्याच वाड्यांत नव्हतें. यांपैकीं एकहि गोष्ट नसती, तर हें प्रकरण विजयकथा म्हणून लिहिलें गेलें नसतें.

७

पक्षकारांचा न्याय करावयाचा तर तो असा दिसतो. मुक्त साधन अपुरें असतां खाजगी साधन घेतलें यांत टॉर्व्हाल्ड्स यांची चूक नाहीं. तें घेतलें नसतें तर गिट कसें असावें हेंहि कदाचित् कळलें नसतें. परंतु परवान्यावर चालणारें काम परवाना देणाऱ्याच्या मर्जीवर चालतें, हा स्टॉलमन यांचा इशारा तीन वर्षें दोन महिन्यांत अक्षरशः खरा ठरला. मॅक्व्हॉय यांनीं आपलें श्रमाचें साधन फुकट दिलें व तें राखण्याचा त्यांस कायदेशीर हक्क होता. पण पर्याय घडविणाऱ्यांस मज्जाव करणारी अट घालून त्यांनीं आपल्याच उपकारावर बोळा फिरविला. ९ मे २०१६ रोजीं बिटकीपरची संहिताहि मुक्त परवान्याखालीं खुली झाली. तोंवर बहुतेक सर्व जग गिटकडे गेलेलें होतें. खोली रिकामी झाल्यावर कुलूप काढलें, असें याविषयीं म्हणावें लागतें.

आणि गिट आलें म्हणून प्रश्न कायमचा सुटला असेंहि नव्हे. गिटवर आधारलेली गिटहब ही खाजगी सेवा २००८ सालीं सुरू झाली. २०१८ सालीं ती मायक्रोसॉफ्ट कंपनीनें साडेसात अब्ज डॉलरांस घेतली. असंख्य मुक्त प्रकल्प आज तिच्यावर विसंबून आहेत. फरक एवढाच कीं, संहिता व तिचा इतिहास प्रत्येकाच्या घरच्या प्रतींत संपूर्ण असतो. मात्र त्या सेवेंत झालेली चर्चा व तक्रारींची नोंद त्या प्रतींत येत नाहीं; ती मालकाकडेच राहते.

आपल्या क्षेत्रांत याचा अनुभव निराळ्या वेषांत येऊन गेला आहे. १९९० नंतरच्या काळांत मराठी मजकूर संगणकावर जुळविण्यासाठीं जे टंक मिळत, त्यांपैकीं पुष्कळांची अक्षरांना क्रमांक देण्याची रीत ज्याची त्याची खाजगी होती. युनिकोड या सर्वमान्य संकेतांत देवनागरीस १९९१ पासून स्थान होतें. पण पानें मांडणाऱ्या आज्ञावल्यांत जोडाक्षरें वर्षानुवर्षें नीट उमटत नसत. म्हणून खाजगी टंकांवांचून छापखान्याचें चालेना, आणि त्यांस दोष देतां येत नाहीं. प्रस्तुत लेखकानेंहि आपल्या संग्रहांतील मोडी कागदांची यादी त्या काळीं अशाच एका टंकांत केली. आज तो टंक चालत नाहीं. यादी उघडली असतां रोमन अक्षरें व चिन्हें यांची अर्थहीन रांग दिसते. मूळ कागद दोनशें वर्षांनंतर वाचतां येतात. त्यांची यादी वीस वर्षांत मुकी झाली. सुदैवानें एक छापील प्रत पेटींत होती, तीवरून ती पुनः लिहून काढावी लागली. मोडी लिपीस युनिकोडमध्यें २०१४ सालीं स्थान मिळालें आहे; तरी तिचीं साधनें अजून देवनागरीइतकीं पक्कीं झालेलीं नाहींत, आणि हाच मोह पुनः आपल्या पुढें येणार आहे.

त्या वेळीं खाजगी साधन टाळावेंच असा हट्ट धरण्याचें कारण नाहीं. मात्र दप्तर त्यांत ठेवण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली : मजकूरच नव्हे, तर कोणी केव्हां काय बदललें ही नोंदहि मुक्त रूपांत बाहेर येते काय. दुसरी : ती बाहेर येते असें केवळ ऐकलें आहे, कीं एकदां काढून मूळाशीं ताडून पाहिली आहे. तिसरी : परवानगी उद्यां थांबली, तर कोणत्या दिवशीं काम पुनः सुरू करतां येईल. टॉर्व्हाल्ड्स यांस या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर सुमारें दहा दिवस असें देतां आलें, तें प्रती बाहेर होत्या म्हणून. हत्यार उसनें आणावयास हरकत नाहीं. दप्तर मात्र उसन्या घरांत ठेवूं नये.